गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्थची वायर बघा: जुन्या गाडीतला वायरिंगचा दोष कसा शोधावा

मागच्या मे महिन्यात फैजपूरला एका लग्नाला गेलो होतो. परत निघताना दुपारचे तीन वाजले होते आणि गाडी चार तास उन्हात उभी होती. माझी गाडी चौदा वर्षं जुनी, ऑटोमॅटिक गिअरची. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं, पण गिअरचा दांडा ‘पी’वरून, म्हणजे पार्किंगच्या जागेवरून, हलेना. ब्रेक दाबून पाहिला, चावी बंद करून परत लावली, तरी दांडा जागचा हलला नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने येऊन दोन-चार हिसके दिले आणि सांगितलं, “गिअरबॉक्स आतून गेलाय. जळगावला टोचन करून न्या. चाळीस-पन्नास हजार धरून चाला.”

टोचनची गाडी बोलावणार तेवढ्यात समोरच्या दुकानातले एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन उठून आले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊ, ब्रेक दाब.” मागचे दिवे लागले नाहीत. त्यांनी फ्यूजचा डबा उघडला, तर ब्रेकलाइटचा फ्यूज उडालेला. नवा घातला, तोही लगेच उडाला. मग डिकी उघडून बिजागरीपाशी बोट फिरवलं. आधीच्या मालकाने शोभेसाठी एलईडीची पट्टी लावून घेतली होती, तिची वायर बिजागरीत घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. ती वायर तोडून टेप लावली, फ्यूज घातला, ब्रेक दाबला, आणि दांडा अलगद ‘आर’वर, म्हणजे रिव्हर्सवर, गेला. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागली. जाताना आबा अहिराणीत एवढंच म्हणाले, “पहिले अर्थ देख, फ्यूज देख, मंग बाकीनं.”

अर्थ म्हणजे विजेचा बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता. त्या दिवसापासून मी हा विषय मन लावून शिकलो. जुनी गाडी घेतल्यावर लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच. दोष असतो वीस रुपयांच्या वायरीत आणि बदलला जातो वीस हजारांचा भाग. ज्यांनी नुकतीच पहिली सेकंडहँड गाडी घेतली आहे आणि ज्यांना मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजायचं यंत्र) धरायचीही सवय नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ब्रेक आणि गिअरचा विजेशी संबंध काय?

ब्रेकचं मूळ काम तेलाच्या दाबावर चालतं. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल चाकांपर्यंत दाब नेतं. त्यात वीज कुठेच नाही. पण याच्या भोवती विजेची चार-पाच कामं जोडलेली असतात: पॅडलवरचा ब्रेक स्विच, मागचे दिवे, एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचे) चाकांजवळचे सेन्सर, एबीएसचा पंप आणि डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे.

ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक स्विचचं महत्त्व आणखी वाढतं. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक दाबल्याचा संदेश मिळाल्याशिवाय ‘पी’चं कुलूप सुटत नाही. फैजपूरला माझं झालं ते हेच. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून जे एएमटी गिअर (साध्या गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर यंत्रानेच बदलणारे) आले, त्यांतही ब्रेक दाबल्याचा संदेश मिळाल्याशिवाय गाडी सुरू होत नाही किंवा गिअर पडत नाही.

साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीत मात्र वायरिंगमुळे गिअर अडकत नाही. तिथे गिअर जड जात असेल तर क्लच, त्याची केबल, लिंकेज किंवा गिअर ऑइल बघा. वायरिंगच्या मागे लागू नका.

सगळ्यात आधी: गाडी चालवायची की नाही?

मीटर हातात घेण्याआधी हे ठरवा. पॅडल दाबल्यावर हळूहळू खाली बसत असेल, स्पंजासारखं लागत असेल किंवा दोन-तीनदा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल, तर तो वायरिंगचा दोष नाही. तेल गळतंय, हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहेत. अशी गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नका, टोचनच करा.

पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. सावकाश घरी येता येतं. लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते बघा, मग ब्रेक ऑइलची पातळी बघा. लाल आणि पिवळा दोन्ही एकत्र लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीची व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. ही अवस्था असताना चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढू-उतरू नका. काम कितीही निकडीचं असलं तरी नको.

जुन्या डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट असते, जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या, मागच्या बाजूलाच बसवलेला असतो. डायनामोचा पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि त्याच वेळी ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक होतं. लोक म्हणतात, “बॅटरीचाच दिवा आहे, गावापर्यंत जाऊ.” डिझेल गाडीत तसं करू नका. गाडी बाजूला घ्या आणि पट्टा बघा. डायनामो दुरुस्त करून आणल्यावर ब्रेक जड वाटू लागला, तर पंपाची तेलाची आणि व्हॅक्यूमची नळी नीट बसली आहे का, सील गळत नाही ना, हे त्याच मिस्त्रीकडे जाऊन तपासून घ्या.

पहिली पायरी: वही

दोष कधी येतो ते लिहा. सकाळी थंड असताना की दुपारी? खड्ड्यातून गेल्यावर? पहिल्या पावसानंतर? हेडलाइट आणि एसी एकदम लावल्यावर? डावीकडे वळताना? वाटतं त्यापेक्षा ही वही जास्त कामाची आहे. खड्ड्यात गेल्यावर येणारा दोष हा लूज कॉन्टॅक्ट असतो. हेडलाइट लावल्यावर गिअर झटका देत असेल, तर अर्थ किंवा डायनामो. वळताना एबीएसचा दिवा लागत असेल, तर पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर ताणली जातेय. गरम झाल्यावरच येत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतली कॉइल किंवा एखादा तापलेला जोड.

त्याच पानावर गाडीवर नंतर काय काय बसवलं आहे ते लिहा: हॉर्न, फॉग लाइट, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, मागचं हुक. यांतला जवळजवळ प्रत्येक माल मूळ वायर सोलून जोडलेला असतो आणि दोष निघतो तो बहुधा अशाच जोडात.

सामान

एक डिजिटल मल्टिमीटर, साधा तीन-चारशे रुपयांचा चालतो. बारीक पॉलिश पेपर, टर्मिनल घासायचा तारेचा ब्रश, व्हॅसलीन, वेगवेगळ्या अ‍ॅम्पिअरचे फ्यूज, १० नंबरचा पाना, टॉर्च. मीटरची लाल पिन १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात लावून व्होल्ट मोजायला जाऊ नका, थेट शॉर्ट होतो. बल्बवाला टेस्ट लॅम्प फ्यूजपाशी चालतो, पण गाडीतल्या कंप्युटरकडे (इंजिन, गिअर, एबीएस सांभाळणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या बारीक वायरींना कधीच लावू नका, तो जास्त करंट ओढतो आणि आतला सर्किट जाळू शकतो. स्टिअरिंगखाली पिवळ्या रंगाचे कप्लर (वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे जोड) किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना मीटर लावायचा नाही, हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: बॅटरी आणि डायनामो

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर पिना टेकवा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा जाड केबलीत दोष आहे. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. १३ च्या खाली असेल तर डायनामो चार्ज करत नाही. १५ च्या वर असेल तर डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे आणि तो गाडीतले सगळे कंप्युटर भाजून काढेल.

गिअरच्या लेखात बॅटरी कशाला, असं नवख्याला वाटेल. एबीएसचा पंप आणि एएमटीची गिअर बदलणारी मोटर हे दोन्ही जास्त करंट ओढणारे भाग आहेत. व्होल्टेज पडलं की कंप्युटर स्वतःच त्यांना बंद करतो आणि दिवा लावतो. बॅटरी बदलल्यावर एबीएसचा दिवा, गिअरचा दिवा आणि स्टिअरिंगचा दिवा असे तिन्ही एकदम गेलेले मी पाहिले आहेत. तीन दिवे एकदम लागले म्हणजे तीन भाग एकदम बिघडले असं नसतं. त्या तिघांना जिथून वीज किंवा अर्थ मिळते ती एक जागा बिघडलेली असते.

डायनामोतला एसीचं डीसी करणारा डायोड गेला तर व्होल्टेज ठीक दिसतं, पण त्यात लाटा येतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, हेडलाइट चालू. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोड तपासून घ्या. अशा लाटांनी गिअरबॉक्सच्या कंप्युटरला स्पीड सेन्सरचा संदेश नीट कळत नाही आणि गिअर वेळीअवेळी बदलतो. काही स्वस्त मीटर एसीवर लावले की पंचवीस-तीस असा भलताच आकडा दाखवतात, तो डायनामोचा नाही, मीटरचा दोष. पिनांची अदलाबदल करून बघा.

आपल्याकडच्या दोन सवयी इथे सोडा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून “डायनामो चालू आहे का” हे बघायची जुनी रीत कंप्युटर नसलेल्या गाड्यांची होती. आजच्या गाडीत त्याने व्होल्टेज उसळून कंप्युटर जळतो. आणि बॅटरी बसली म्हणून ट्रकवरून जंपर घेऊ नका, ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते. ट्रॅक्टर किंवा दुसरी कार घ्या, १२ व्होल्टची.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पाण्याच्या बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर भराभर कमी होतं. मार्च ते जून महिन्यातून एकदा झाकणं उघडून बघा. नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकू नका.

तिसरी पायरी: अर्थ

या लेखातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

वीज बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघते, दिवा, मोटर, कॉइल यांतून जाते आणि निगेटिव्हला परत येते. परतीचा रस्ता वायरीचा नसतो, गाडीच्या पत्र्याचा आणि इंजिनाचा असतो. बॅटरीच्या निगेटिव्हमधून एक वायर बॉडीला आणि एक इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला जाते. जुन्या गाडीत याच ठिकाणी गंज चढतो, बोल्ट सैल होतो, विणलेल्या पट्टीच्या तारा तुटत जातात. मुंबई-सुरतेकडून आलेली गाडी असेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. वरून पट्टी शाबूत दिसते, आतून हिरवी पडलेली असते.

परतीचा रस्ता अरुंद झाला की वीज दुसरीकडून वाट काढते. अर्थ पार तुटली असेल तर सेल्फ मारताना तो सगळा करंट अ‍ॅक्सिलेटरच्या नाहीतर गिअरच्या केबलमधून जातो आणि केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागली किंवा तिचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर दुसरं काही न बघता इंजिनाची अर्थ बघा.

अर्धवट खराब अर्थ याहून फसवी. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, सेन्सर कंप्युटरला साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान आकडा पाठवतो. पाय उचललेला असताना कमी, दाबल्यावर जास्त. सेन्सरच्या अर्थमध्ये पाव-अर्धा व्होल्ट अडकला की कंप्युटरला वाटतं, चालकाने पाय जास्त दाबला आहे. मग तो गिअर उशिरा बदलतो आणि झटक्याने बदलतो. चालवणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्स झिजला. गिअरबॉक्स उतरवून खोलला, नवीन क्लच प्लेटा टाकल्या, परत बसवला, तरी झटका तसाच.

हे मोजायचं कसं? मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, टर्मिनलवर नाही, थेट शिशावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. इंजिन सुरू करा, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करायचं बटण, सगळं लावा. आकडा ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.२ पर्यंत चालेल. त्यावर गेला तर अर्थ खराब. तशीच लाल पिन बॉडीच्या पत्र्यावर, मग गिअरबॉक्सच्या केसवर टेकवा. सेल्फ मारताना आकडा वाढतो, पण अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष नक्की आहे.

ओहम मोजून अर्थ तपासू नका. तीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी ओहममध्ये ती चांगलीच दिसते. करंट वाहत असतानाच तिची खरी परीक्षा होते.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. अर्थचा बोल्ट खोला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं असं नको. पट्टी हिरवी किंवा कडक झाली असेल तर नवीन टाका. दीड-दोनशेचं काम आहे.

चौथी पायरी: ब्रेक स्विच आणि मागचे दिवे

अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. पार्किंग लाइट लावा, ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या, रिव्हर्स टाका, आणि भिंतीवर पडणारा उजेड आरशात बघा. ब्रेक दाबल्यावर एका बाजूचा दिवा मंद होत असेल किंवा ब्रेकबरोबर पार्किंगचा आणि इंडिकेटरचा दिवाही मिणमिणत असेल, तर त्या बाजूच्या दिव्याची अर्थ गेली आहे. वीज शेजारच्या बल्बमधून वाट शोधते आहे. मागचा बल्ब बऱ्याचदा दोन तारांचा, २१/५ वॅटचा असतो. त्या जागी एका तारेचा बल्ब दडपून बसवलेला असेल तर पार्किंगची वीज ब्रेकच्या वायरीत शिरते आणि कंप्युटरला वाटतं, ब्रेक सतत दाबलेला आहे.

ब्रेक सतत दाबलेला आहे असं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वाटलं की काय होतं? टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) लॉकअप, म्हणजे दोघांना थेट जोडणारं कुलूप, लागत नाही. धुळ्याहून सुरतेकडे सरळ हायवेला ८० च्या वेगाने जाताना इंजिनाचे फेरे विनाकारण चढलेले राहतात, पेट्रोल जास्त लागतं आणि गिअर ऑइल तापतं. मालकाची तक्रार असते, “अ‍ॅव्हरेज पडलं, गिअर घसरतोय.” दोष असतो पॅडलवरच्या स्विचचा किंवा शंभर रुपयांच्या बल्बचा.

स्विच शोधायला पॅडलच्या वर डोकं घालून टॉर्च मारा. पॅडलच्या दांड्याला टेकणारं छोटं बटण दिसेल. पॅडल मोकळं असताना ते आत दाबलेलं राहतं, पॅडल दाबलं की बाहेर येतं. त्याच्या टोकाला लागणारा प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा उन्हाने कडक होऊन तुटतो आणि भुगा पायाखाली मॅटवर पडलेला सापडतो. हा तुकडा वीस-तीस रुपयांना मिळतो. तो नसला तर ब्रेकलाइट कायम लागलेला राहतो आणि रात्रीत बॅटरी बसते. बऱ्याच गाड्यांत या स्विचमध्ये दोन जोड असतात, एक दिव्यांसाठी आणि एक कंप्युटरसाठी. दिवा लागतो म्हणजे स्विच चांगला, असं त्या गाड्यांत धरू नका, दोन्ही जोड मोजा.

गाडी ‘पी’मध्ये अडकलीच तर दांड्याशेजारी एक लहान झाकण किंवा भोक असतं. हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेक दाबून ठेवा, त्या भोकात स्क्रूड्रायव्हर किंवा चावी दाबा आणि दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर, घ्या. हे बऱ्याच गाड्यांत आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात त्याची जागा आजच बघून ठेवा. मला हे फैजपूरला माहीत नव्हतं.

पाचवी पायरी: एबीएसचे सेन्सर

आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीची गाडी असेल तर तिच्यात एबीएस आहे की नाही हे आधी बघा. चावी लावल्यावर पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. एबीएस असलेल्या गाडीत तो दिवा लागतच नसेल, तर आधीच्या मालकाने बल्ब काढला असण्याची शक्यता आहे. गाडी घेतानाच हे तपासा.

चाकामागे सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर दात असलेलं चक्र फिरतं. आपल्या काळ्या मातीत शेतरस्त्याने गाडी नेली की चिखल हबला चिकटतो, वाळून दगड होतो आणि वायरीला ओढतो. वायर बहुधा तुटते ती शॉकअ‍ॅब्जॉर्बरजवळच्या वळणावर, आतल्या आत. बाहेरून रबर चांगलं दिसतं. जुन्या प्रकारच्या, दोन वायरींच्या चुंबकी सेन्सरचा रोध साधारण हजार-दोन हजार ओहमच्या आसपास असतो. डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. मोजताना वायर हळूच वाकवा. आकडा उड्या मारू लागला तर तुटलेली जागा सापडली. मीटर एसीवर ठेवून चाक हाताने फिरवलं तर थोडं व्होल्टेज दिसायला हवं. नव्या प्रकारच्या सेन्सरना ही ओहमची परीक्षा लागू पडत नाही, तिथे स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी-शेजारी बघावे लागतात.

एक लक्षण माणसाला फार घाबरवतं. कोरड्या रस्त्यावर, अगदी थांबता-थांबता, ताशी आठ-दहाच्या वेगाला पॅडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. ब्रेक फेल झाला असं वाटतं. खरं तर एका चाकाचा संदेश कमजोर झालेला असतो. कंप्युटरला वाटतं ते चाक लॉक झालं, म्हणून तो तिथला दाब सोडतो. चक्राला गंज, चक्राला चीर किंवा सेन्सरवर लोखंडाचा कीस, ही कारणं. सेन्सर काढून पुसला तरी पुष्कळदा जमतं. चाकाचं बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला, तर बेअरिंगची चुंबकी बाजू (काही गाड्यांत दातांच्या चक्राऐवजी ती असते) उलटी बसली आहे का ते विचारा.

सहावी पायरी: गिअरबॉक्सवरचे कप्लर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला काही गडबड कळली की तो एकाच गिअरवर अडून राहतो. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत बहुधा तिसऱ्यावर. गाडी जागेवरून उचलत नाही, पण चालते. यंत्र स्वतःला वाचवत असतं. चावी बंद करून पुन्हा लावल्यावर काही वेळ नीट चालली, तर दोष विजेचा असण्याची शक्यता वाढते. झिजलेली प्लेट चावी फिरवून बरी होत नाही.

गिअरबॉक्सच्या बाजूला दांड्याची जागा सांगणारा स्विच असतो. त्यात पाणी गेलं की ‘डी’ टाकूनही डॅशबोर्डवर अक्षर दिसत नाही किंवा ‘पी’ आणि ‘एन’मध्ये सेल्फच लागत नाही. दांडा थोडा हलवत सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होत असेल तर हाच स्विच. मुख्य कप्लर काढून आत बघा. पिना हिरव्या आहेत का, आत तेल आलं आहे का? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, परत घट्ट बसवा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आतल्या कॉइलींचा रोध प्रत्येक गाडीत वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडा.

उंदीर

खान्देशात हा विषय वेगळा काढावाच लागतो. गहू-ज्वारी निघाली की शेतातले उंदीर घराकडे येतात. भाव वाढेल म्हणून कापूस घरात किंवा पडवीत भरून ठेवलेला असतो आणि गाडी त्याच्याच शेजारी उभी. बोनेटखाली, बॅटरीच्या ट्रेमध्ये कापसाचं घरटं आणि शेजारी कुरतडलेल्या वायरी असं दृश्य मी एकदा नाही, चारदा पाहिलं आहे. त्या कापसावर तुटलेल्या वायरीची एक ठिणगी पडली की पुढे काय होईल ते सांगायला नको. आठवड्यातून एकदा बोनेट उघडा. कापूस दिसला तर तो काढून तिथेच थांबू नका, वायरीचा सगळा जुडगा बोटाने चाचपा.

तुटलेली वायर पीळ देऊन टेप मारणं हा इलाज नाही. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि पावसात पाणी आत जातं. डाग देऊन (सोल्डर करून), वरून आकसणारी नळी गरम करून बसवा. सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर दुरुस्तीनंतरही तो पीळ तसाच ठेवा. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून तो दिलेला असतो. आणि उडणारा १० चा फ्यूज काढून २० चा घालू नका. फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल.

स्कॅनर कधी?

वरच्या पायऱ्या झाल्यावर. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, एबीएसचे वाचेलच असं नाही. कोड पुसण्याआधी फोटो काढा. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५७१ म्हणजे ब्रेक स्विचचं सर्किट, पी०७०५ म्हणजे गिअरच्या जागेचा स्विच, पी०७२० म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या टोकाचा स्पीड सेन्सर. पी०७०० एकटा काहीच सांगत नाही, त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे वेगळा कोड साठवलेला आहे, तो वाचा. ‘यू’ने सुरू होणारे कोड आले तर कंप्युटर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. तिथे पुन्हा बॅटरी आणि अर्थकडेच परत जा. कोड सर्किटचं नाव सांगतो, भागाचं नाही. ‘स्पीड सेन्सर सर्किट’ वाचून सेन्सर विकत आणू नका, त्याची वायर आणि कप्लर आधी बघा.

मिस्त्रीकडे जाताना

एवढं करूनही दोष सापडला नाही तर संकोच न करता चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, गिअरबॉक्सवाल्याकडे नंतर. वही बरोबर न्या: बॅटरीचे तीन आकडे, अर्थचे तीन आकडे, कोडचा फोटो, दोष कधी येतो ते. “गिअर झटका मारतो, बघा जरा” असं म्हणण्यापेक्षा “दादा, हेडलाइट लावल्यावर झटका येतो आणि गिअरबॉक्सवर ०.६ व्होल्ट दिसतो” असं सांगितलं तर तुमचा अर्धा दिवस वाचतो. कोणी न मोजता गिअरबॉक्स खोलायला सांगितलं तर नम्रपणे विचारा, “अर्थ आणि ब्रेक स्विच मोजून झाला का?” उत्तर ‘नाही’ असेल तर गाडी घेऊन निघा.

दुरुस्तीनंतर गावाबाहेरच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर सकाळी लवकर जा. आधी २०, मग ४० च्या वेगाने ब्रेक दाबून बघा, मागे कोणी नाही याची खात्री करूनच. मग तोच रस्ता दुपारी, गाडी पूर्ण तापल्यावर. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर एकदा डिकीतला गालिचा उचला, मागच्या दिव्यांची सॉकेटं काढून ओल आली आहे का ते हाताने चाचपा आणि अर्थचे आकडे पुन्हा त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.